तुमचा तारा कसा आहे

सावद्याच्या घरी पश्चिमेची भिंत उघड्या विटांची.
मे महिन्यात रात्री अकराला लाइट गेली
की मी तिच्यापासून वीतभर लांब तळवा धरायची.
न शिवता कळायचं
कुठली वीट जास्त भाजली आहे,
कुठे सांध्यातला चुना गळालाय.
माय विचारायची, अंधारात काय चाचपतेस?
ऊन, मी म्हणायची.
झोप, ती म्हणायची.

पुढे कॉलेजात शब्द भेटला, अवरक्त.
तांबड्याच्या खालचं, असा साधा अर्थ.
मी मात्र रक्ताच्या खालचं
असंच वाचत आले.

एकतीस वर्षं मी थंडी बनवली.
तारे पाहिले ते दुसऱ्यांनी, माझ्या डब्यातून.
मी फटी बुजवल्या, मुलाम्याच्या कवचात
नखाएवढा डिटेक्टर बसवला,
आणि पहाटे तीनला, लडाखच्या वाऱ्यात,
दोन-दोन हातमोजे चढवून
नायट्रोजन ओतत राहिले.
कारण गरम डोळ्याला आधी स्वतःचीच धग दिसते.
आरसा उजळतो,
आरसा पेलणारा दांडा उजळतो,
मी जवळ गेले तर मीही.
हातातली मशाल न विझवता
काजवा शोधायचा, असं काहीसं.

घरात हे फक्त धनराजला कळलं.
त्याची केळी पिकवायची खोली आहे, स्टेशनरोडला,
दाराला जाड रबर, आत सोळा अंश.
केळं पिकताना आतून तापतं, ताई,
ती धग काढली नाही तर वरून पिवळं, आत लगदा.
तुले बी गारवाच पाह्यजे, मले बी.
मी सांगितलं, माझा गारवा
शून्याच्या खाली एकशे शहाण्णव.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
लाइट बिल किती येतं?

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात ठिपका सापडला.
मृगाच्या पोटाशी, धुळीत गुंडाळलेला,
जन्मायच्या बेतात असलेला तारा.
सलग तीन रात्री तिथेच.
निबंध लिहिला, छापून आला, घरी फोन केला.
नानांनी अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली.

मार्चमध्ये दुर्बीण सिंहाकडे वळवली
तर ठिपका बरोबर आला.

डबा उघडला.
एक पितळी स्क्रू,
दीड आटा सैल राहिलेला.
बाकी सगळं गोठलं होतं, तो तेवढा गोठला नव्हता.
आणि तो मीच आवळला होता,
तारखेसह वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

निबंध मागे घेतला. चार ओळींचं पत्र.
चार ओळी लिहायला सोळा दिवस लागले.
त्यानंतर जे शिकले ते सगळं एवढंच,
की काही दिसलं तर आधी मान वळवायची
आणि बघायचं, ते आपल्यासोबत येतंय का.
पुढचे तीन डबे चांगले झाले.
त्यांतून खरे तारे सापडले,
लोकांना. नावं त्यांची. ठीकच आहे.

गल्लीला मात्र कुणी सांगितलं नाही.
नाना गेले, त्यांनीही नाही.
रिटायर होऊन आले तर
दूध घ्यायला निघाले की कुणीतरी विचारतंच,
तुमचा तारा कसा आहे?
बरा आहे, मी म्हणते.

भिंतीला आता गिलावा आहे, वर एसी.
हात धरून बघितला एकदा. काही कळलं नाही,
भिंतीमुळे की हातामुळे, ठाऊक नाही.

काल ओट्यावर झोपेकाकूंनी विचारलं.
त्र्याऐंशीच्या आहेत, एका डोळ्याने दिसत नाही.
का कुणास ठाऊक, मी किल्ल्यांच्या जुडग्यातून
तो स्क्रू सोडवला
आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.
हाच.

त्यांनी मूठ मिटली.
दुपारभर माझ्या कमरेला होता तो.
बोटांनी फिरवून फिरवून पाहिला,
आणि म्हणाल्या,
अजून ऊन आहे वं.